मामांची पूर्व

पृथ्वी घडवताना देवाने आमच्या हिच्या मामांना सल्ल्याला बोलावलं असतं, तर सूर्य माणसांच्या ओट्याच्या सोयीने उगवला असता. देवाने बोलावलं नाही, म्हणून मामांनी उलट बाजूने काम हाती घेतलं. सूर्य आहे तिथे राहू द्यायचा आणि दिसेल त्याची शेगडी फिरवायची! शेगडी आग्नेय कोपऱ्यात, रांधणारीचं तोंड पूर्वेला आणि नळ अग्नीपासून हातभर लांब, एवढं सांभाळलं की घरात आजारपण, भांडण आणि करपलेला भात शिरत नाही, असा त्यांचा सिद्धान्त. परळ, लालबाग, दादर या टापूत आमच्या नात्यातली एकही शेगडी मूळ जागी राहिलेली नाही.

मामा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. गिरणी बंद पडल्यावर एका ऑफिसच्या दारावर रखवालीला बसले. या दोन्ही नोकऱ्या त्यांच्या दृष्टीने जोडधंदे. खरं काम होकायंत्राचं. वरळी कोळीवाड्यातल्या एका मित्राने नवी बोट घेतली, तेव्हा जुन्या बोटीवरचं वाटीएवढं पितळी होकायंत्र त्याने मामांना दिलं. ते पंच्यात गुंडाळून कापडी पिशवीतून हिंडायचं आणि त्याला सुकटीचा कायमचा वास होता.

माझी नि या वासाची पहिली भेट आमच्या लग्नाच्या बोलणीत झाली. पाहुणे बाहेर पोहे खात होते आणि मामा कुठे दिसेनात. शोधलं तर ते आमच्या दादरच्या स्वयंपाकघरात ओट्यावर होकायंत्र ठेवून वाकलेले, आणि शेजारी आमची शुद्ध शाकाहारी आई नाकाला पदर लावून उभी. मामा डॉक्टरसारखा चेहरा करून बाहेर आले.

"जावईबापू," मी अजून जावई झालो नव्हतो, "पगाराचं मागाहून बघू. तुमची आई दक्षिणेला तोंड करून रांधते, ठाऊक आहे?"

आता मी कोण? कॉलेजात अंधश्रद्धेविरुद्ध भाषण ठोकून पेला जिंकलेला माणूस. तो पेला मामांच्या डोक्यामागे कपाटात चकाकत होता. मी छाती फुगवून काही बोलणार, इतक्यात हिने पोह्यांच्या बशीवरून माझ्याकडे एकदा पाहिलं. लोक प्रेमापायी चंद्र-तारे आणायच्या बाता मारतात. मी त्याच संध्याकाळी भरलेला सिलिंडर चार फूट सरकवला आणि कमरेत लचक भरून घेतली. आईची खिडकी गेली, समोर पूर्वेची कोरी भिंत आली. "अरे, आता गल्लीत कोण आलं-गेलं मला कसं कळायचं?" ती म्हणाली. "आई, शास्त्र असतं ते," असं उत्तर देणारा इसम मीच. पेला मी दुसऱ्या दिवशी माळ्यावर टाकला.

मामांबरोबर बाहेर जेवायला जाणं हा वेगळाच प्रकार. लालबागच्या एका खानावळीत आम्ही ताटं मागवण्याआधी मामा आत जाऊन आचाऱ्याचं तोंड कुठे आहे ते बघून आले. मालक वैतागला. "काका, त्याच्यापुढे चार शेगड्या चार बाजूंना. तो दिवसभर गरागरा फिरतो!" मामांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग पूर्वेच्या शेगडीवर काय आहे, तेवढंच वाढ." पूर्वेच्या शेगडीवर नुसता भात होता. आम्ही दोघांनी तो ताकाबरोबर खाल्ला. बाजूच्या टेबलावर पश्चिमेचं मटण हाणणाऱ्यांकडे मी ज्या नजरेने पाहत होतो, ती आठवली की आजही लाज वाटते.

मामांचं स्वतःचं घर म्हणजे परळच्या चाळीतली एक खोली, आणि तिथली शेगडी योगायोगाने अगदी बिनचूक आग्नेय कोपऱ्यात. तिच्यापुढे मामी चाळीस वर्षं भिंतीला तोंड करून उभी राहिली. चाळीचा सगळा संसार तिच्या पाठीमागून जायचा. दारात कोण आलं हे ती चपलेच्या आवाजावरून ओळखायची आणि मान न वळवता म्हणायची, "बसा जावईबापू, चहा टाकते."

मग चाळ पाडली, टॉवर उभा राहिला आणि मामांना सतराव्या मजल्यावर घर मिळालं. पाहायला गेले तर बिल्डरने ओटा बसवलेला थेट पश्चिमेच्या खिडकीखाली! मामा मटकन खालीच बसले. दुसऱ्या दिवशी गवंडी ठरला. ओटा फोडायचा आणि समोरच्या भिंतीला नवा घालायचा. आणि ज्या मामीने उभ्या जन्मात मामांना "नको" म्हटलं नव्हतं, ती त्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. दोन टॉवरच्या फटीतून तिथून समुद्राची एक पट्टी दिसत होती, साडीच्या काठाएवढी.

"अहो, चाळीस वर्षं भिंतीशी बोलले," ती म्हणाली. "आता मला हय उभी रवां द्या."

हिने मला फोनवर सांगितलं, "काहीतरी करा." मी केलं. गोव्याहून आणलेलं, फ्रिजला चिकटवायचं माशाच्या आकाराचं लोहचुंबक खिशात घातलं, परळ गाठलं आणि मामांचा डोळा चुकवून ते त्या ओट्यावर पसरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवलं. बेत साधा. काटा फिरेल, पश्चिमेची पूर्व होईल, मामी सुटेल. अंधश्रद्धेविरुद्ध पेला जिंकलेला माणूस वास्तुशास्त्रात भेसळ करत होता.

दुपारचे चार वाजलेले. गवंडी हातोडा घेऊन उभा. मामी ओट्याला पाठ लावून. मामांनी पंचा सोडला, सुकटीचा वास दरवळला, होकायंत्र ओट्यावर बसलं. काटा थरथरला, गर्रकन फिरला आणि थांबला. माझ्या लोहचुंबकाने खिडकीची दक्षिण केली होती. पश्चिम परवडली, दक्षिण म्हणजे साक्षात यमाची दिशा!

मामांनी काट्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग बराच वेळ मामीकडे. आणि त्यांनी होकायंत्र हलकेच डावीकडे सरकवलं. काटा हलला. अजून जरा पुढे, मग थोडं मागे. त्या वर्तमानपत्राभोवती ते यंत्र त्यांनी इतक्या सावकाश फिरवलं की जणू तुटलेला धागा जोडत होते. शेवटी ते सरळ झाले आणि म्हणाले, "पूर्व. खिडकीत पूर्व आहे. राहू दे ओटा."

खिडकीतून ऊन सरळ आमच्या तोंडावर येत होतं. गवंड्याने डोळ्यांवर हात धरला. "काका, दुपारचे चार वाजले. मग हा सूर्य?"

"तू गवंडी ना रे? मग सूर्याची चौकशी तुला कशाला?"

लिफ्टपर्यंत मामा मला सोडायला आले आणि त्यांनी तो मासा माझ्या हातावर ठेवला. "तीस वर्षं लोखंडी मागांत काढली, जावईबापू. काटा कशाने वळतो ते मला कळतं." मी चपापून पायांकडे बघायला लागलो. ते हळूच म्हणाले, "बरं केलंत. सगळ्या गावाच्या शेगड्या फिरवल्या मी. आता 'राहू दे' हे माझ्या तोंडून कसं निघणार? काट्याच्या तोंडून निघालं."

पुढे त्या घरी चहाला गेलो की संध्याकाळी सूर्य मामांच्या पूर्वेत मावळायचा आणि आम्ही तिघं तो अत्यंत गंभीर चेहऱ्याने पाहायचो. मामी एकदा मामांना ऐकू जाईल अशा बेताने मला म्हणाली, "आमची पूर्व जरा उशिरा उजाडते." मामा तिच्या शेजारी कोथिंबीर निवडत होते. तेही समुद्राकडे तोंड करून.

आता मामा थकलेत. होकायंत्र त्यांच्या फ्रिजवर असतं आणि मामी त्याच्या झाकणात लसूण ठेवते. गेल्या महिन्यात पुष्कळ दिवसांनी आमच्याकडे आले, तेव्हा सवयीने मी म्हटलं, "मामा, चला, ओटा बघून घ्या." ते आत गेले. पिशवी नव्हती, नुसते हात मागे बांधलेले. ही चहा करत होती. तिच्या बाजूला उभे राहून त्यांनी विचारलं, "पोरी, तुला इथून काय दिसतं गो?"

"भिंत," ती हसून म्हणाली. "दुसरं काय दिसणार?"

मामांनी चहा तिथेच उभ्याने घेतला. ते गेल्यावर मी त्या जागी उभा राहून पाहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि तिथे मी पहिल्यांदाच उभा होतो. समोर फोडणीच्या तेलाने पिवळट झालेली भिंत आणि तिच्यावर हिने कधीतरी डिंकाने चिकटवलेला, कॅलेंडरमधून कापलेला समुद्र.

मी आईच्या जुन्या खिडकीकडे पाहिलं आणि सिलिंडरला हात घातला. "अहो, कंबर!" ही ओरडली. पण पलीकडची बाजू तिनेच धरली.