तांदळाची कणी

व्हॅक्यूमच्या कामात, म्हणजे चेंबर नावाच्या बंद पेटीतली हवा पंपाने उपसायच्या कामात, घाण म्हणजे नुसती डोळ्यांना दिसते ती नव्हे. बोटाचा ठसाही घाणच. अंधेरीच्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये बारा वर्षं मी हेच कोकलत आलो : "ग्लोव्हज घाला रे! चेंबर काय घरचा पोह्यांचा डबा आहे?" पोरं मागून मला सोवळेबुवा म्हणायची. म्हणोत मेली. चेंबर आतून ॲसिटोनने पुसल्याशिवाय आणि दाराची रबरी रिंग भिंगाखाली बघितल्याशिवाय मी दार लावत नसे. केसाएवढ्या फटीतूनही हवा आत शिरते.

बारा वर्षं, आणि तीही कंत्राटावर. गेल्या वर्षी कुठे मला कायम करायची फाइल निघाली. तिच्यावर आमच्या विभागप्रमुख सरांची सही हवी होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. माझी ना नाही, पंपाला हार मीच घालतो. पण चेंबरचं दार बंद ठेवून. गेल्या वर्षी त्या दिवशी सर पूजेचं ताट घेऊन आले आणि म्हणाले, "दार उघड ना. आतून कसलं झकास चकाकतंय, फोटोत येऊ दे." दुसरा कोणी असता तर झापला असता. पण फाइल आठवली. उघडलं. सरांनी मूठभर अक्षता उधळल्या आणि मोबाइलकडे बघून हसले.

नंतर मी दोनदा पुसलं. पंप लावून बघायला वेळ कुठे होता, लॅबला टाळं लागत होतं.

सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी बाहेरून तपासणीला माणसं आली, आणि प्रेशर काही केल्या उतरेना. पंप नुसता घरघरतोय. वाट लागली! सगळ्यांसमोर सर म्हणाले, "साधी साफसफाई जमत नाही का रे तुला?"

माणसं गेल्यावर रिंग खाचेतून काढली. खाली तांदळाची कणी, कुंकवाने लाल. पुसताना मीच ती आत सारली असणार. टिश्यूवर ठेवून सरांना दाखवली. त्यांनी बघितलं, टिश्यू चुरगळला आणि कचऱ्यात टाकला. फाइल सहीविना परत आली. शेरा : निष्काळजी.

"अहो, तेव्हाच बोलायचं ना," बायको म्हणाली. "पोरांवर बरे ओरडता!" अस्सा संताप आला, पण तिचा नाही, माझाच.

यंदाही सर ताट घेऊन आले. माझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं.

"उघड ना रे दार. गेल्या वर्षीचा फोटो छान आला होता."

मी ग्लोव्हज चढवले आणि दार उघडलं.