छप्पर नसलेल्या चर्चचं दार

दादा गेल्याचा फोन आला आणि मी धावतच मुकुंदवाडीला पोचलो. पुढच्या दारी माणसं दाटलेली, म्हणून सवयीनं मागच्या पडक्या कंपाउंडवरून उडी मारली आणि पायजमा फाडून घेतला. अंत्ययात्रेत मी एका हातानं पायजमा सावरत चाललो होतो. दादानं पाहिलं असतं तर म्हणाला असता, “दाजी, घराला दार कशाला बसवलं मी?”

दादा माझ्या बायकोचा थोरला भाऊ. शाळेत चित्रकला शिकवायचा, दरवर्षी पोरांना वेरूळला न्यायचा. वहिनी गेल्यावर मात्र त्यानं सगळंच सोडलं. तिची खोली, जिचं दार पुढच्या ओट्यावर उघडतं, तिला कुलूप घातलं आणि स्वतः बैठकीत झोपू लागला. लेक आयर्लंडमध्ये नर्स. तिनं हट्टानं बोलावून घेतलं, आणि सोबतीला म्हणून आमची दोघांची वर्णी लागली.

तिथं एका दुपारी तिनं गावाबाहेरचं जुनं चर्च दाखवलं. कैक शतकांपूर्वीचं. छप्पर कधीच गेलेलं, आत गुडघाभर गवत, गवतात कबरी. तुळयांच्या खाचांत पाखरांची घरटी. बाजूची भिंत एके ठिकाणी ढासळून वीतभरच उरलेली. मी अर्थातच तिथूनच टांग टाकून आत गेलो. दादा वळसा घालून कमानीतून आला आणि पूर्वेच्या भिंतीसमोर थांबला. तीन उंच, अरुंद खिडक्या. बाहेरून चार बोटांची फट, पण जाड भिंतीत आतल्या बाजूला रुंद होत गेलेली, म्हणजे मूठभर उजेड आत येऊन ओंजळभर व्हावा. दादानं त्या उतारावरून तळवा फिरवला.

“वेरूळच्या उलटं हाय, दाजी. तिथं डोंगर वरून खाली कोरत आले. इथं दगडावर दगड ठेवत आभाळाकडं गेले...”

देवळात जांभया देणारा मी, पण टोपी कधी काढली ते मला कळलं नाही. छपराच्या जागी ढग सरकत होते आणि भिंती अजून काहीतरी पेलत असल्यासारख्या उभ्या होत्या.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी फुलं घेऊन आली. ढासळलेली भिंत तिच्या अगदी समोर होती. पण ती सगळा वळसा घालून कमानीपाशी गेली, मान लववून आत आली, एका कबरीपाशी उभी राहिली आणि तशीच कमानीतून परत गेली.

दादा तिच्या पाठमोऱ्या काठीकडं बघत म्हणाला, “छप्पर नाय, कवाड नाय. कुठूनबी येता येतंय. तरी बाई दारातूनच आली...”

घरी परतल्यावर बॅगा तशाच ठेवून त्यानं आधी वहिनीच्या खोलीचं कुलूप काढलं. तेव्हापासून रोज सकाळी ओट्यावरचं ते दार उघडायचा आणि खिडकीशी चित्रं काढत बसायचा. गेला तोही तिथंच.

त्यानंतर कुलूप परत लागलं. या वेळी माझ्या बायकोनं लावलं. झाडांना पाणी घालायला आम्ही यायचो ते मागूनच. पुढच्या ओट्याकडं पाहायचीसुद्धा नाही ती. माझी उडीची सवय प्रथमच कुणाच्या तरी उपयोगी पडत होती.

परवा असाच भिंतीवर पाय टाकला, तर ती मागं नव्हती. पुढून कुलपाचा खटका ऐकू आला, मग दाराची करकर... आणि पाठोपाठ तिचा आवाज, जरासा भिजलेला:

“अहो, उतरा खाली. दार उघडलंय मी, इकडून या.”