दोन बोटं मागे

गल्लीत तिला सगळे स्टुडिओवाली म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. घरात मात्र ती थोरली. स्टुडिओ बाबांनी काढलेला, पण बाबांचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून तो तिनेच ओढला होता. पुढे दुकान, मागे अंधारी खोली, वरच्या मजल्यावर बाबा. पासपोर्टचे फोटो काढायचे, लोकांचे फाटके पूर्वज जोडून द्यायचे, आणि अजून फिल्मवर फोटो काढणारे जे काही हौशी वेडे शहरात उरले होते त्यांचे रोल धुवायचे. दिवसभर हात रसायनात, त्यामुळे बोटांना कायमचा आंबट वास. जीभही तशी आंबटच, पण गिऱ्हाइकांना ती सवयीची झाली होती.

बाई स्वभावाने वाईट नव्हती. फक्त एका बाबतीत तिच्या पोटात फार लवकर दुखायचं, आणि ती बाब म्हणजे तिची धाकटी बहीण. धाकटी बँकेत साहेब. बोलायला गोड. हवं ते तोंड उघडून मागायचं आणि मिळालं की गालभर हसायचं, हे तिला लहानपणापासून जमत आलेलं. थोरलीला मागणं म्हणजे कमीपणा वाटे. आपण राबावं आणि समोरच्याने ओळखून द्यावं, अशी तिची अपेक्षा. समोरचा कधी ओळखत नसे, आणि ही आतल्या आत धुमसत बसे.

गेल्या वर्षी बाबांनी आपला जुना कॅमेरा धाकटीला देऊन टाकला. झालं! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला तो झालाच.

हा कॅमेरा रेंजफाइंडर होता. त्यात भिंगातून बघायचं नसतं, शेजारच्या एका छोट्या खिडकीतून बघायचं असतं. खिडकीच्या मधोमध एक फिकट पिवळा चौकोन दिसतो आणि त्या चौकोनात समोरच्या माणसाला दोन नाकं असतात. भिंगाची कडी फिरवत जायचं. दोन नाकांचं एक नाक झालं की फोकस झाला, दाबा बटण. बाबांचा कॅमेरा पितळी, हातात घेतला की मनगट ओढणारा. फिल्म खालच्या बाजूने सरकवायची, तीही आधी कात्रीने कापून, नाहीतर आत अडकून बसे. उजेड मोजायची सोय नाही. तो ज्याचा त्याने डोळ्यांनी मोजायचा.

थोरली शाळेत होती तेव्हा हा कॅमेरा एकदा टेबलावरून फरशीवर आपटला. फुटलं काहीच नाही, पण त्या दिवसापासून त्याची नजर किंचित ढळली. चेहरा जवळून घेतला की डोळ्यांऐवजी मागचे कल्ले आणि कान स्वच्छ यायचे. दुरुस्तीवाला म्हणाला, महिनाभर ठेवून जा. तेव्हा महिनाभर दुकान बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. मग बाबांनीच तोडगा काढला. नाकं एक झाली की बटण दाबायच्या आधी दोन बोटं मागे झुकायचं. थोरलीला त्यांनी हेच शिकवलं. तिच्या पाठीला ते इतकं अंगवळणी पडलं की पुढे तिला ते आठवावंही लागत नसे. हजारो चेहरे तिने असे दोन बोटं मागे होऊन काढले. दुकानात डिजिटल आल्यावर तो कॅमेरा कपाटात गेला, तरी रविवारी ती हौसेने काढायचीच. आपला म्हणूनच काढायची. फक्त तसं कधी कुणाला म्हणाली नव्हती.

आणि तो गेला धाकटीकडे.

महिन्याभरात थोरलीने नवा कोरा रेंजफाइंडर घेतला. फिल्मवरचाच, पण हल्ली बनवलेला. "जुना तिला, नवा तुला, फिटंफाट झाली की!" नवरा म्हणाला. त्यावर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा चहाचा कप घेऊन गॅलरीत गेला.

नवा कॅमेरा गुणाचा होता, हे तिलाही नाकारता येईना. खिडकी लख्ख, चौकोन ठसठशीत. उजेड मोजणारा काटा आतच. फिल्म मागचं दार उघडून घालायची, कात्रीचं काम नाही. जुन्यापुढे हा म्हणजे सुखच होतं. रविवारी ती त्यावर रस्ते, देवळं, झाडं काढायची; जवळून चेहरा मात्र अजून घेतला नव्हता. गिऱ्हाइकांना ती सांगे, "जुन्यात काय ठेवलंय हो? वजन नुसतं." आणि दुकान बंद करताना नवा कॅमेरा पेटीत ठेवताना तिला वाटे, हा कुणाचा तरी उसना आणलाय.

धाकटीचे पहिले दोन-तीन रोल धुवायला तिच्याकडेच आले होते. प्रत्येक चेहऱ्याचे कान स्वच्छ आणि डोळे धुक्यात. थोरलीने ते अंधाऱ्या खोलीत दोरीवर वाळत घातले आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. दोन बोटांचं गुपित तिने धाकटीला सांगितलं नाही. पुढे धाकटी म्हणाली, "ताई, तुला कशाला त्रास? माझ्या ऑफिसजवळ एक लॅब आहे, तिथेच देत जाईन." थोरलीने मनात म्हटलं, लाज वाटली असेल.

मग ठरलं की दुकानाच्या दर्शनी भिंतीवर बाबांचा एक मोठा फोटो लावायचा. तो आपणच काढणार, हे थोरलीने गृहीतच धरलं होतं. रविवारी धाकटी गळ्यात जुना कॅमेरा अडकवून हजर.

"मी पण काढते हं ताई. जो चांगला येईल तो लावू."

"काढ की," थोरली म्हणाली. मनात म्हणाली, काढच. कान लावू भिंतीवर.

खिडकीजवळ खुर्ची मांडली. बाबांनी दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता आणि नव्या नवरीसारखे लाजत होते. दोघींनी आळीपाळीने फोटो घेतले. दोन्हीकडे एकाच जातीची फिल्म, तोच उजेड, तेच अंतर. धाकटी कडी फिरवायची, थांबायची आणि तिथल्या तिथे बटण दाबायची. झुकणं नाही, काही नाही. ते पाहून थोरलीच्या जिभेवर शब्द आले होते, "अगं, थोडी मागे हो." तिने ते गिळले.

शेवटी तिला राहवलं नाही. "दे इकडे जरा. बघू, लक्षात आहे का माझ्या."

"घे ना. शेवटचे दोन उरलेत."

जुना कॅमेरा हातात येताच तिचं मनगट खाली गेलं आणि सासरहून माहेरी आल्यासारखं वाटलं. तिने दोन फोटो घेतले, सवयीप्रमाणे दोन बोटं मागे होऊन.

"दोन्ही रोल मीच धुते आज," ती म्हणाली. लॅबवाल्याने रोल बिघडवला, असली सबब तिला नंतर ऐकायची नव्हती.

संध्याकाळी प्रिंट काढून तिने ओळीने मांडले. आधी आपले. सदरा छान, हात छान, नाकाचा शेंडा तर असा की वरची छिद्रं मोजावीत. डोळे मात्र मऊ. सगळ्या फोटोंत मऊ. "मेल्याने ऐन वेळी दगा दिला," तिने नव्या कॅमेऱ्याला शिवी हासडली. मग धाकटीचे पाहिले. बाबांच्या पापण्यांचा केस न् केस. बुबुळात खिडकी, खिडकीत गज. डोळे बोलत होते.

हे शक्यच नव्हतं. मग तिने धाकटीच्या रोलमधले शेवटचे दोन काढले, स्वतःच्या हातचे. जुना कॅमेरा, तोच उजेड, तीच खुर्ची. पुन्हा नाकाचा शेंडा. पुन्हा मऊ डोळे.

दोन्ही कॅमेऱ्यांत एकच खोट कशी असेल? खोट तिच्या पाठीत होती. नव्या कॅमेऱ्याला मागे होण्याची गरजच नव्हती, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. पण जुन्याला? तिने धाकटीला फोन लावला.

"कॅमेरा दुरुस्त केलास?"

"मी नाही गं, बाबांनी. माझे सगळे कानच यायचे ना, मी कटकट केली त्यांच्याकडे. तर स्वतः रिक्षा करून दुरुस्तीवाल्याकडे गेले. तुला माहीत नाही?"

स्वतः रिक्षा करून. संडासाला जाताना भिंत धरणारा माणूस, धाकटीसाठी जिना उतरून गेला होता. थोरलीने फोन ठेवला आणि तशीच वर गेली.

बाबा वाटाणे सोलत बसले होते.

"बाबा, कॅमेरा नीट करून घेतलात."

"हो. धाकटीचे फोटो नीट येत नव्हते."

"आणि मी इतकी वर्षं वापरला तेव्हा?"

बाबांनी खरोखरच गोंधळून वर पाहिलं. "तुझे येत होते की."

"येत नव्हते, बाबा. मी आणत होते."

"मग बोलायचंस. तू कधी म्हणालीच नाहीस."

या वयात रडणं बरं दिसत नाही म्हणून ती उभीच राहिली. पण गिळायचं किती, यालाही मर्यादा असते. "मला हवा होता तो कॅमेरा," ती म्हणाली. "माझा होता तो."

बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुला? तुला तर मी अख्खं दुकान दिलं गं. तिला काहीच दिलं नव्हतं. म्हटलं, एवढं तरी..." ते थांबले. मग हळूच म्हणाले, "आता तिच्याकडून परत कसा मागू?"

"मागू नका," ती म्हणाली, आणि त्यांच्या पुढ्यातली टोपली ओढून उरलेले वाटाणे सोलत बसली.

सकाळी दर्शनी भिंतीवर फोटो लावला. कोणता लावायचा, याचा तिने खूप खल केला असं कुणी समजू नये. मऊ डोळ्यांचा फोटो भिंतीवर लावायला ती काय नवशिकी होती? धाकटीचा फोटो तिने मोठा केला, कडा काळजीने कापल्या, स्वतःच्या हाताने चौकटीत बसवला.

आता येणारा प्रत्येक जण काउंटरवर टेकतो, वर बघतो आणि म्हणतो, "वा! बाबांचा फोटो काय सुंदर काढलात हो!"

गप्प राहिलं तरी चालण्यासारखं असतं. पण ती दर वेळी मान वर करते आणि सांगते, "मी नाही. माझ्या धाकट्या बहिणीने काढलाय." सांगताना दर वेळी तिचा जीव जळतो.