मोठागावच्या खाडीत ढोम्याच्या मागावर

डोंबिवली पूर्वेहून पश्चिमेला जायला पासपोर्ट लागत नाही, हे खरं. पण आमच्या गल्लीत तिकडे जाऊन आलेल्या माणसाकडे अजूनही थोडं आदरानं पाहतात. मे महिन्यातल्या एका दुपारी मी या प्रवासाला निघालो. सोबत टोपी, पाण्याची बाटली, बायकोनं बांधून दिलेली थालीपिठं आणि मुलगी मानसी. प्रवासाचा हेतू मासेमारी. जन्मात मी मासा पकडलेला नाही आणि मला पोहताही येत नाही.

झालं होतं असं, की मानसीनं मोठागावच्या रोशनशी लग्न करायचं ठरवलं होतं. मुलगा सालस, आगरी घरातला. घरात शेवटचा शब्द त्याच्या आजोबांचा, म्हणजे बाळाराम नानांचा. नानांनी निरोप धाडला, की सुपारी फोडण्याआधी (लग्न पक्कं करण्याआधी) मुलीच्या बापाला घेऊन मी एकदा खाडीत जाणार. त्यांच्याकडे म्हणे असंच आहे. माणूस ओट्यावर कळत नाही, होडीत कळतो. नानांनी नकार दिला असता तर रोशनच्या घरात पुढे कुणी ब्र काढला नसता. मानसी तीन रात्री नीट झोपली नव्हती, आणि मला त्याहून जास्त वाईट वाटत होतं, कारण परीक्षेला मी बसणार होतो.

रिक्षा ठाकुर्लीचा पूल उतरली आणि आम्ही परमुलखात शिरलो. इकडची हवा जरा दमट लागते, असं मी मानसीला सांगितलं. मग खाडीकाठच्या वस्त्यांचा इतिहास सांगितला. मी निवृत्त इतिहास-शिक्षक आहे. शाळा सुटली पण तास काही सुटला नाही. रिक्षावाल्यानं आरशातून एकदोनदा पाहिलं आणि गाणं मोठं केलं.

रोशनचं घर म्हणजे तीन मजली बंगला. पूर्वी जिथे मिठागर होतं तिथे आता टॉवर आहेत, आणि टॉवरच्या बदल्यात बंगला. दारात पांढरीशुभ्र गाडी उभी होती आणि तिच्या बॉनेटवर जवळा (बारीक कोलंबी) वाळत घातला होता. रोशनच्या आईनं तांदळाची भाकरी आणि माझ्यासाठी मुद्दाम वांग्याचं भरीत केलं होतं. मी भीतभीत थालीपिठांचा डबा पुढे केला. त्यांनी तो उघडून तिथेच एक थालीपीठ खाल्लं आणि कशाचं पीठ, म्हणून विचारलं. मी भाजणीवर बोलायला लागलो तेवढ्यात नाना आले, त्यांनी माझ्या पायांतल्या बुटांकडे पाहिलं आणि खुणेनंच ते काढायला लावले.

आता ढोमा कसा धरतात ते सांगतो. ढोमा हा बोलका मासा. त्याच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावर तो आतूनच थापा मारतो आणि पाण्याखाली ढबढब असा आवाज निघतो. भरती लागली की ढोमे खाडीत वर येतात. तेव्हा होडी थांबवायची, वल्हं पाण्यात उभं सोडायचं आणि त्याच्या दांड्याला कान लावायचा. आवाज जिथे दाट, तिथे पाग (हातानं फेकायचं गोल जाळं) टाकायचा. रोशन म्हणाला, नानांचा कान अख्ख्या खाडीत नावाजलेला आहे. बाकी लोक जाळं टाकून मासे शोधतात, नाना आधी शोधतात आणि मग टाकतात.

होडीत नाना आणि मी, दोघेच. धक्का मागे पडला तसं नानांनी विचारलं, "तुजी पोर आमच्यात रमंल ना?"

प्रश्न अपेक्षित होता. मी मुद्देसूद उत्तर दिलं. मानसीचा स्वभाव, रोशनचा स्वभाव, दोन घरांच्या चालीरीती, शेवटी माणुसकी. मला तर बोलताना भरूनही आलं. नाना पाण्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "दुसरीकरं (दुसरीकडे) जाऊ."

पुढे कांदळवनाच्या कडेला त्यांनी वल्ह्याला कान लावला, डोळे मिटले आणि समाधानानं मान हलवली. मग कान लावायची माझी पाळी आली. मला काहीही ऐकू आलं नाही. पण जिथे मुलीचं लग्न अडलंय तिथे ढोमा ऐकू न यायला मी काय वेडा आहे? मीही मान हलवली. नानांनी पाग झोकात फेकला. आत एक चप्पल आली. नानांनी ती उलटसुलट पाहिली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी मी उत्तर लांबवलं, कारण मघाशी काहीतरी राहिलं असणार. नाना पाग पिळत राहिले. मी त्यांना विचारलं, मासा लागायला साधारण किती वेळ जातो? ते म्हणाले, "मोठी पोर दिव्याला (दिवा गावात) दिली. पान्याचे हाल हान (आहेत)." मी याचा बराच वेळ अर्थ लावत बसलो.

तिसऱ्या ठिकाणी मात्र मला खरोखर ऐकू आलं. ढब, ढब, ढब. वल्ह्यातून, होडीच्या फळ्यांतून, माझ्या दातांतूनसुद्धा. एवढा मोठा थवा! मी हातवारे करून नानांना सांगितलं. त्यांनी पाग टाकला, आत एक गोणपाट आलं. पुन्हा टाकला, गणपतीचा पाट आला. आवाज वाढतच होता आणि तो ठेक्यात येत होता. मग त्या थव्यानं गाणं म्हणायला सुरुवात केली.

पलीकडच्या काठावर कुणाची तरी हळद होती. भिंतीएवढे स्पीकर लावून डीजे वाजत होता. कांदळवनातले बगळे उडून गेले, होडीतलं पाणी थरथरत होतं. नानांनी पाग आवरला, पाय पसरले आणि मला म्हणाले, "खारीत (खाडीत) हीच मजा. कवरी (केवढी) शांतता."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. माझं तोंड पाहून त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी मान खाली घातली.

"मना (मला) काय आयकू येत नाय," ते म्हणाले. "घरात सांगू नको. होरी (होडी) काढून घेतील." मग वल्हं आडवं ठेवून, "मगाधरनं (मघापासून) तुना (तुला) इचारतंय, पोर देतंस का. तू काय बोललास, मना कललाच नाय."

म्हणजे परीक्षा माझी नव्हतीच. हा म्हातारा दुपारभर माझ्या होकाराची वाट पाहत होता आणि मी दुपारभर तो देत होतो. मला हसू आलं आणि गलबलूनही आलं. घरी सांगणार नाही, पण एकट्यानं यायचं नाही, मला घेऊन यायचं, असं मी खुणांनी कबूल करून घेतलं. मग त्यांच्या कानाशी वाकलो आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो, "हो नाना, दिली पोरगी!"

नेमकं त्याच क्षणी गाणं संपलं होतं. खाडीच्या दोन्ही काठांवर ते ऐकू गेलं. हळदीतल्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. धक्क्यावर उभ्या मानसीनं तोंडावर हात ठेवला. एकट्या नानांनी विचारलं, "काय?"

मी मान हलवली. मोठी, वरपासून खालपर्यंत. तेव्हा कुठे त्यांनी वल्हं उचललं.

धक्क्यावर रोशनच्या आईनं नानांसमोर येऊन, ओठ सावकाश हलवत, व्याही कसे वाटले म्हणून विचारलं. नाना जरा विचार करून म्हणाले, "मानूस भला हाय. जास्त बोलत नाय."

मानसीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू हा कुणी दुसराच बाप होडीतून उतरला असावा.

परतीच्या रिक्षात मी खरंच काही बोललो नाही. पूल आला, पूर्व आली, आपली दुकानं दिसायला लागली, तरी नाही. मानसीनं काळजीनं विचारलं, "बाबा, बरं वाटत नाहीये का?"

बरं वाटत होतं. फक्त खाडीत मी जे एवढ्या मोठ्यानं ओरडलो होतो, ते मला स्वतःला आत्ता ऐकू येत होतं.