‘पश्चात’मधलं पहिलं नाव

खडाक्-धप. खडाक्-धप.

साठ वर्षांपूर्वीच्या छपाईच्या ट्रेडल मशीनचा हा आवाज चार दिवस झाले कानातून जात नाही.

ते मशीन पायानं मारणारा माझा मित्र मधू तिकडे अमेरिकेत वारला.

आणि त्याच्या निधनाची बातमी मी जाणूनबुजून अपुरी छापायला दिली.

शाळा सुटली की आम्ही दोघं सोलापुरातल्या आमच्या गल्लीतल्या छापखान्यात खिळे जुळवायचो. मशीनच्या तालावर सरांनी पाठ करून घेतलेल्या कविता म्हणायचो.

भुजंगप्रयात त्या तालात नेमका बसायचा. शार्दूलविक्रीडित आलं की मधूचा पाय चुकायचा आणि कुणाची तरी लग्नपत्रिका वाकडी निघायची!

हाच मुलगा पुढे अमेरिकेतल्या एका छोट्या गावात पेपरचा एडिटर झाला. दोन पुस्तकं लिहिली. एलेनशी लग्न केलं.

मी कडक भाकरी पाठवली, तर एलेन ती शोभेची वस्तू समजून भिंतीवर टांगायला निघाली होती. मधू फोनवर हसून बेजार.

त्याच्या गावात कुणीही वारलं की बातमी मधू स्वतः लिहायचा. म्हणायचा, “अरे, ‘पश्चात’ या शब्दानंतर माणूस खरा कळतो.”

शेवटच्या व्हिडिओ कॉलवर आवाज पार खोल गेला होता. म्हणाला, “माझी बातमी सोलापूरच्या पेपरात तू दे. पश्चातमध्ये पहिलं नाव तात्याचं. कट केलंस तर याद राख!”

तात्या म्हणजे मधूचे थोरले भाऊ. मंगळवेढ्याला शेती करतात.

मधूनं घरी न विचारता लग्न केलं. नंतर वडिलांच्या मातीलाही त्याला पोचता आलं नाही. तेव्हापासून चाळीस वर्षं अबोला. मधूची पत्रं न फोडता परत जायची.

मधू गेल्याचं कळवायला मी तात्यांच्या घरी फोन केला. सुनेनं उचलला. मागून तात्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला,

“त्याला सांग, अमेरिकेत आमचं कोन न्हाय!”

मी घाबरलो. नाव छापलं आणि तात्यांनी पेपरच्या ऑफिसात जाऊन तमाशा केला तर? मधूच्या लेकीला, लीलाला, मी काय तोंड दाखवू?

नाव खोडलं.

आज छापून आलं. ‘पश्चात पत्नी एलेन, कन्या लीला व दोन नातवंडे असा परिवार आहे.’

सकाळपासून दहा वेळा वाचलंय.

ज्यानं परक्या गावात कुणाचं नाव कधी गाळलं नाही, त्याचा सख्खा भाऊ मी गाळला.

छापलेलं आता कसं पुसू? माफी मागायला फोन कुणाला लावू? उचलणाराच राहिला नाही.

मधू, शब्द मोडला रे मी. जा बाबा सुखानं. तुझ्या मित्राचा हा शेवटचा नमस्कार.

इथवर लिहून पोस्ट करणार, तोच दाराची कडी वाजली.

दारात तात्या.

पंच्याऐंशीचा माणूस, एकटा, एसटीनं आलेला. डोक्याचा गोटा केलेला, मिशाही उतरवलेल्या. हातात आजचा पेपर.



“वाचली बातमी,” तात्या म्हणाले. “तुजं न्हाय चुकलं. मीच तसं बोललो हुतो.”

“तात्या, आधी आत या. बसा.”

ते पायरीसुद्धा चढले नाहीत.

“आत कसा यिऊ? सुतक हाय की मला.”