शेवटच्या ताटापर्यंत

परदेशातल्या त्या विद्यापीठाच्या वसतिगृहात महिन्यातून एकदा औपचारिक जेवण असायचं. मुलं काळे झगे घालून लांब टेबलांवर बसत. चौथऱ्यावरच्या टेबलावर वॉर्डन, आम्ही शिक्षक आणि आमच्या बायका. वॉर्डन उठले की सगळा हॉल उठायचा आणि वाढपी ताटं उचलायचे, कुणाचं झालेलं असो वा नसो. मी बोटीवरची नोकरी सोडून शिकवायला आलेला. इंजिन रूमची पाळी गाठायची म्हणून भराभर गिळायची सवय. मला त्यात काही खटकलं नाही.

हिला खटकलं. आमच्या पहिल्याच जेवणात वॉर्डन उठले, आम्ही उठलो, ही बसूनच.

"अगं, ऊठ. सगळे बघताहेत."

"बघू देत. त्या खालच्या पोरीचं अर्धं जेवण राहिलंय. पंगत अशी उठते का कुठे?"

मी तिचं कोपर धरून ओढलं. तिने शांतपणे आणखी भात वाढून घेतला आणि वॉर्डनकडे वळून म्हणाली,

"अहो, तुम्हीही बसा. खांबासारखे काय उभे?"

वॉर्डन गोंधळले, मग हसून खाली बसले. त्यांच्यामागून सगळा हॉल बसला. त्या मुलीचं जेवण झालं तेव्हाच ही उठली. पुढे तीच तिथली रीत झाली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डननी माझी पाठ थोपटली. "छान पद्धत आणलीत तुम्ही!" मी "थँक यू" म्हणालो. घरी सांगितलं तर ही हसली. "घ्या, मिरवा!"

मी खरंच मिरवलो, निवृत्त होईपर्यंत. नंतर ही गेली.

गेल्या महिन्यात तिथे मला पाहुणा म्हणून बोलावलं. मुलांच्या अध्यक्षाने सांगितलं, शेवटच्या ताटासाठी थांबायची पद्धत या सरांनी सुरू केली. टाळ्या पडल्या. मग जेवण. कवळीमुळे मला वेळ लागतो. मान वर केली तर सगळ्यांची ताटं रिकामी आणि अख्खा हॉल माझ्यासाठी थांबलेला.

शेजारी बसलेली विद्यार्थिनी, वाक्याच्या शेवटी 'लाह' जोडायच्या तिथल्या लकबीत म्हणाली, "सावकाश, अंकल. घाई नाही, लाह."

चमचा ठेवून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ही पद्धत माझी नाही. त्या दिवशी मी उठून उभा होतो. बसून राहिली ती माझी बायको."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. शेजारच्या मुलीने भाताचं भांडं हळूच माझ्याकडे सरकवलं. भूक नव्हती, तरी मी आणखी एक डाव वाढून घेतला.