आक्काची जनावरं बार्शीला

बेंबळीची शेळी बार्शीला गेली की परदेशी होते का? हे मी नाक्यावर विचारलं, दवाखान्यात विचारलं. सगळे नुसते हसले.

आमची थोरली आक्का जाऊन महिना होत आलाय. लोक समाचाराला येतात, रडायला बसतात, अन् मला आठवतात किस्से! एक सांगावा तर दुसरा गाडीत चढून बसलेलाच असतो.

बेंबळी निजामाची, बार्शी इंग्रजांची. आक्काच्या छातीवर इलाज बार्शीत. तीन महिने तिकडं राहायचं होतं. आक्का म्हणाली, "चांदी, मोत्या, मनी येणार न्हायत, तर मी बी न्हाय!"

मग काय, शेळी, कुत्रं, मांजर, सगळी गाडीत.

*

हद्दीच्या नाक्यावर जवानानं दरडावलं, "कुत्ता किसका है?"

आक्का म्हणाली, "भाकरी टाकंल त्याचा."

जवानानं गंमत म्हणून तुकडा टाकला. मोत्या उतरला अन् त्याच्या बुटाशी जाऊन बसला. हलेचना!

"लेव, ये तो सरकारी हो गया!"

*

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शेळीचं दूध द्या, पण शेळी निरोगी आहे ना ते बघा." मी चांदीला थेट दवाखान्याच्या रांगेत उभी केली.

कंपाउंडरनं मान खाली घालूनच विचारलं, "नाव?"

"चांदी."

"वय?"

"तीन."

"मुलं?"

"दोन."

तेव्हा कुठं त्यानं मान वर केली!

*

दर सोमवारी आक्काचं वजन व्हायचं. एकदा काटा भलताच पुढं गेला. "शाबास!" बाई म्हणाल्या. तेवढ्यात आक्काच्या पदरातून आवाज आला, "म्याव!"

बाई भडकल्या. आक्का माझ्याकडं बोट करून म्हणाली, "काय करू बाई? काटा मागं गेला की हे पोरगं जेवत न्हाय."

पुढच्या सोमवारी मनीला खोलीत कोंडली. तरी काटा जरासा पुढंच! त्या दिवशी मी दोघांचं जेवलो.

*

नंतर आक्काला उठवेना. इकडं चांदी व्याली. आक्काला पिल्लू बघायचं होतं अन् दवाखान्यात जनावरांना बंदी. मी ते घोंगडीत गुंडाळून खाटेपर्यंत नेलं, तर समोर डॉक्टरीणबाई!

बाईंनी घोंगडी उघडली. कानाला नळी लावून पिल्लाची छाती तपासली. "ही ठणठणीत आहे."

आक्का हळूच म्हणाली, "मग हिला तरी घरी सोडा, बाई."

बाई खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

मी पिल्लू आक्काच्या कुशीत ठेवलं अन् दोघींवर पांघरूण घातलं.